भाऊजींचा डबा आणि चार चाकांची हवा

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पण घरचा जावई, त्यामुळे हे तीस वर्षांत कोणापाशी बोलता आलं नाही. आमच्या कडावच्या घरी तो आला की पंख्याखालची खुर्ची त्याची, पहिला गरम घावन त्याचा, आणि त्याचं म्हणणं शेवटचं. मी त्याला 'भाऊजी' म्हणतो, 'तुम्ही' म्हणतो, आणि मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी ठाण्यातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी कॅराव्हॅन बांधून घेतली. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे हुकाला अडकवून ओढायची चाकांवरची खोली. आत पलंग, बेसिन, छोटा फ्रीज, छताला पंखा. खालापूरच्या पलीकडे त्यांनी प्लॉट घेतला होता, तिथे ती उभी करून ते मुंबईच्या मित्रांना 'निसर्गात' राहायला बोलावणार होते. मी त्या वस्तूला डबा म्हणायचो. आमच्या गावातही सगळे डबाच म्हणायला लागले, हा माझा त्या वर्षातला एकमेव विजय.

डबा पुण्यात तयार झाला. तो आणायला भाऊजींनी मला सोबत घेतलं. "तू ड्रायव्हर माणूस, बाजूला असलास की बरं." मी बावीस वर्षं दुधाचा टेंपो चालवला, पहाटे कडाव, उजाडता कर्जत. पण त्या दिवशी स्टिअरिंगला त्यांनी मला बोट लावू दिलं नाही.

मोटारीच्या डॅशबोर्डवर त्यांनी पानाच्या डबीएवढी एक स्क्रीन चिकटवली होती. डब्याच्या चारही चाकांच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखे सेन्सर बसवलेले. प्रत्येक चाकात हवा किती आणि ते तापलंय किती, हे त्या स्क्रीनवर दिसायचं.

"मागचं चाक बसलं ना, तर पुढे चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही," भाऊजी म्हणाले. "तुझ्या टेंपोसारखं नाही ते. तिथे स्टिअरिंग ओढलं की कळतं. इथे चाक फाटून चिंध्या होतात आणि आपण पुढे गाणी ऐकत असतो. म्हणून हे."

मी "हो का" म्हणालो आणि बाहेर बघितलं. टायरला लाथ मारून हवा ओळखणारी आमची जात. चार सेन्सर लावून हवा बघणारा माणूस मला बायकोला विचारून तहान लागल्याची खात्री करणाऱ्यासारखा वाटला. आज सांगतो, त्या वाक्यात भाऊजी शब्दन् शब्द बरोबर होते. पण ते दुसऱ्या कुणाचं ऐकून बोलत होते, आणि बोलले ते स्वतः समजले नव्हते.

मे महिन्यातली दुपार. जुन्या रस्त्याने घाट उतरून आम्ही खोपोलीत आलो तेव्हा स्क्रीन टीं टीं करायला लागली. चारही आकडे लाल. भाऊजींना भीती वाटली नाही, आनंद झाला. "बघितलंस? हवा जास्त झाली. बोलतंय!"

कर्जतकडे वळण्याआधी त्यांना मला प्लॉट दाखवायचा होता, म्हणून आम्ही खालापूरच्या दिशेने निघालो. हायवेला एका बाईचं पंक्चरचं दुकान होतं. पत्र्याची टपरी, बाहेर जुन्या टायरांची उतरंड. बाई डोंगराखालच्या वाडीतली, चाळिशीची, ट्रकचं चाक एकटी खोलत बसली होती. भाऊजींनी काच खाली करून हुकूम सोडला. "चारही चाकांतली हवा कमी कर. पन्नासवर आण."

ती उठली, एका टायरवर हाताचा पंजा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गरम हायेत," ती म्हणाली. "घाट उतरून आलाव ना? तापल्यावर हवा वाढतेच. आता काढाल तर थंड झाल्यावर कमी पडंल. सावलीला लावा, दोन तासांनी बघू."

"कंपनीने पन्नास लिहिलंय."

"थंड असताना पन्नास लिवलंय."

"तू शिकवणार मला?" भाऊजी खाली उतरले. "हे मशीन काय उगाच ओरडतंय?"

तिने पुन्हा पाना हातात घेतला आणि ट्रकच्या चाकाकडे तोंड केलं. भाऊजी डब्यापाशी उकिडवे बसले, सेन्सरची टोपणं काढली आणि मोटारीच्या किल्लीने व्हॉल्व्हमधली पिन दाबत हवा सोडू लागले. एका चाकाची पिन मातीने अडकली, ती त्यांनी किल्ली फिरवून फिरवून मोकळी केली. फुस्स आवाज, धूळ, घामाने भिजलेला पाठीचा शर्ट.

मी हात मागे बांधून उभा होतो. बाई खरं बोलते आहे हे मला ठाऊक होतं. तापल्या टायरची हवा काढायची नाही, हे मला टेंपोच्या पहिल्या उन्हाळ्यात मालकाने शिव्या देऊन शिकवलं होतं. एक वाक्य पुरे होतं. ते मी बोललो नाही, कारण जावयाला चारचौघांत टोकायचं नसतं. हे मी त्या वेळी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण असं की त्या माणसाला रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून चुका करताना बघायला मला फार बरं वाटत होतं.

टोपणं परत बसवल्यावर स्क्रीन गप्प झाली. भाऊजी वाटभर शीळ घालत होते.

प्लॉटचं फाटक दुसऱ्या दिवशी बसणार होतं, म्हणून एका रात्रीपुरता डबा आमच्या अंगणात आला. ताई आठवडाभर आमच्याकडेच होती, कैऱ्यांच्या लोणच्यासाठी आलेली. तिने डब्याभोवती एक फेरी मारली, आतलं बेसिन उघडून बघितलं आणि म्हणाली, "पाणी येतं का रं यातून?" भाऊजींनी सकाळी आमच्या विहिरीवरून पाइप लावून डब्याची टाकी काठोकाठ भरली. मग गॅसची टाकी, गाद्या, पितळी समई, मित्रांसाठी खुर्च्या. दुपारी चार मित्र प्लॉटवर येणार होते.

मोटार सुरू केली आणि स्क्रीन पुन्हा ओरडली. या वेळी हवा कमी म्हणून. तीन चाकं बेचाळीस आणि मागचं डावं एकतीस.

"काल जास्त, आज कमी," भाऊजी म्हणाले. "आणि तीन एक सांगतात, चौथं भलतंच. सेन्सरच फालतू निघाला. तू बघ रे जरा."

मी डब्याच्या मागे गेलो, डाव्या चाकाला लाथ मारली. टणक लागलं. अंगठा दाबला. दबलं नाही. डोळ्यांनाही चाक बसलेलं दिसेना.

"ठणठणीत आहे," मी म्हणालो. वर आणखी म्हणालो, "असल्या खेळण्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, भाऊजी."

तीस वर्षांत त्यांनी माझं ऐकलं असं ते एकच वाक्य. त्यांनी स्क्रीनचं बटण दाबून ठेवलं आणि ती बंद केली.

निघायच्या वेळी मोटारीची मागची सीट खुर्च्यांनी भरलेली. भाऊजी म्हणाले, "ही मागे डब्यात बसेल. पलंग आहे, पंखा आहे. राणीसारखी येईल."

"चालत्या डब्यात माणूस बसवू नये," मी म्हणालो.

"इथून खालापूर किती रे? कोण बघतंय?"

मी पुढच्या सीटवरून उठून ताईला जागा देऊ शकलो असतो. भाऊजींना रस्ता दाखवायला मी हवा होतो म्हणे. ज्या रस्त्यावर ते लग्नाआधीपासून येतात तो रस्ता! मी बसून राहिलो. ताई पदर खोचून डब्यात चढली.

कर्जत ओलांडलं, भिसेगावचं फाटक गेलं. पळसदरीच्या पुढे समोरून येणारा एक मोटारसायकलवाला हात हलवायला लागला. भाऊजींनी हसून हात हलवला. "लोकांना नवल वाटतं," ते म्हणाले. मग एक टेंपोवाला दिवे मारत गेला. त्यालाही हात. मग एक बाई डोक्यावरची मोळी सावरत आमच्याकडे बघून ओरडली, तेव्हा मी आरशात पाहिलं. डब्याच्या मागे रस्त्यावर रबराच्या काळ्या पट्ट्या पडल्या होत्या, आणि उघड्या रिमखालून ठिणग्या उडत होत्या.

"थांबवा," मी म्हणालो. भाऊजींनी दचकून ब्रेक दाबला. डबा डावीकडे हेलकावला, उजवीकडे आला आणि रस्त्याकडेच्या मातीत तिरका थांबला. आत काहीतरी धाडकन पडलं.

दार मी उघडलं. ताई बेसिनखाली बसली होती, समई तिच्या पायाशी, उजवं मनगट डाव्या हाताने धरलेलं. मनगटाचा आकार मनगटासारखा राहिला नव्हता. ती रडत नव्हती.

"किती वेळ भिंतीवर हात मारतेय," ती म्हणाली. "ऐकू नाय आलं तुमाला?"

नव्हतं आलं. भाऊजी आले, त्यांनी आत डोकावलं आणि पहिला शब्द काढला तो असा: "फ्रीज फुटला का?"

मी एक रिक्षा थांबवली आणि ताईला कर्जतच्या दवाखान्यात न्यायला निघालो. भाऊजी आमच्याबरोबर आले नाहीत. "डब्याला असं एकटं सोडता येत नाही," ते म्हणाले. ताईने रिक्षातून त्यांच्याकडे एकदा बघितलं. मी त्या माणसाला तीस वर्षं मनात शिव्या दिल्या, पण ताईच्या त्या बघण्यात जे होतं ते माझ्या एकाही शिवीत नव्हतं.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर झाल्यावर ताईला भिसेगावात आमच्या मावसबहिणीकडे बसवलं, आणि मी तिथली स्कूटर घेऊन थेट खालापूरला त्या टपरीवर गेलो. वाटेत खोपोलीला दोन दुकानं होती. मी थांबलो नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही.

बाईने मला ओळखलं. मी सगळं सांगितलं. तिने जॅक, पाने आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप आपल्या स्कूटरला बांधला आणि माझ्या मागे आली.

भाऊजी डब्याच्या सावलीत खुर्ची टाकून फोनवर बोलत होते. मित्रांना सांगत होते की कंपनीने टायर सदोष दिला. बाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. जॅक लावला, रिम काढली, स्टेपनी खाली घेतली. स्टेपनीतही हवा नव्हती. तिला सेन्सर नव्हता, आणि मालकाने ती पुण्यापासून पाहिलीच नव्हती.

मी बाईला विचारलं, "सकाळी लाथ मारली तेव्हा टणक लागलं होतं. बसलेलंही दिसलं नाही."

"बाजूबाजूला दोन चाकं हायेत ना," ती स्टेपनीत हवा भरता भरता म्हणाली. "एक नरम झालं की भार शेजारचं उचलतं. नजरेला दिसत नाय, लाथेला कळत नाय. पिनेत माती ऱ्हायली आसंल, तिथनं हळूहळू गेली हवा. वर टाकी भरून पानी." मग मोटारीतल्या बंद स्क्रीनकडे मान वळवली. "त्याला कळलं होतं. त्याला तुमी गप केलंव."

भाऊजी फोन ठेवून म्हणाले, "ह्यानेच सांगितलं ठीक आहे म्हणून."

ते खरं होतं.

बाईने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी डायवर ना? काल तुमी पन तितंच उभे होतेत."

"होतो."

"मग त्यांना म्हायती नव्हतं. तुमाला होतं."

एवढं बोलून ती नट आवळायला लागली. बाकीच्या तीन चाकांत तिने आपल्या मापाने हवा भरली, टाकीतलं सगळं पाणी रस्त्याकडेला सोडून द्यायला लावलं, आणि स्क्रीन सुरू केल्याशिवाय जॅक काढणार नाही म्हणाली. भाऊजींनी तोंड वाकडं करून बटण दाबलं. स्क्रीनवर तीनच आकडे आले. चौथा सेन्सर पळसदरीच्या रस्त्यावर कुठेतरी पडला होता.

त्या दिवशी डबा प्लॉटवर पोहोचला, मित्रही आले. मी गेलो नाही. नंतर कळलं की भाऊजींनी त्यांना फुटलेल्या चाकाची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत त्यांनी प्रसंगावधान राखून गाडी सावरली होती. ताईचा हात त्या गोष्टीत आलाच नाही. चहा करायला कोणी नाही म्हणून मित्र लवकर निघून गेले, एवढं मात्र ऐकून मला बरं वाटलं.

ताई माझ्याशी दोन महिने बोलली नाही. नवऱ्याशी बोलत होती, माझ्याशी नाही. शेवटी मीच ठाण्याला गेलो आणि टपरीवरचं, किल्लीचं, लाथेचं, सगळं तिला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "ते अंगणात बोलत होते तेव्हा मी घरात होते, खिडकी उघडी होती. तू 'ठणठणीत' म्हणालास ते मी ऐकलं. तू म्हणालास म्हणून मी चढले रं. त्यांच्या भरवशावर चढले असते काय?"

राखीपौर्णिमेला ती कडावला आली. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वळत नव्हतं आणि बोटांत जोर नव्हता. राखीची गाठ तिला बसेना. दोनदा दोरा सुटला. मग ती म्हणाली, "धर एक टोक," आणि मी माझ्याच राखीचं टोक दातांत धरून बसलो. तिने दुसरं टोक डाव्या हाताने ओढलं. बाहेर ओटीवर, पंख्याखालच्या खुर्चीत बसून, भाऊजी आमच्या शेजाऱ्यांना मागचं चाक फुटलं की पुढच्याला कसा पत्ता लागत नाही ते समजावून सांगत होते.