डोरीन पिकरिंगला सापडलेला निवाडा

डोरीनबाईंच्या हाती लागला नाही तो निवाडा अजून छापलाच गेला नसेल, असं त्या चेंबर्समधले, म्हणजे वकिलांच्या सामायिक कचेरीतले, बॅरिस्टर म्हणत. ही जमात गोड बोलते ती बहुधा काम काढून घ्यायला. पण यात खोटं काही नव्हतं. सव्वीस वर्षं बाई तळघरातल्या ग्रंथालयात बसून बॅरिस्टरांना जुने निवाडे शोधून देत होत्या. नवरा नाही, मूलबाळ नाही. होतं ते हे एवढं नाव.

ज्युलियन थ्रेल उमेदवारीला आला तेव्हा निवाडा वाचायला त्याला बाईंनीच शिकवलं. "वरचा सारांश वाचून उड्या मारू नका, मिस्टर थ्रेल. तो न्यायाधीशानं लिहिलेला नसतो. आत शिरा. आणि वरच्या कोर्टानं पुढे तो मोडीत तर काढला नाही ना, ते आधी बघा."

"आणि आपल्या विरुद्ध जाणारा निघाला तर?"

"तर तोही कोर्टापुढे ठेवायचा. समोरच्याला सापडला नसला तरी. इथली रीतच आहे ती, आवडो न आवडो."

ज्युलियननं मान डोलावली होती. आता तो पंचेचाळिशीचा झाला होता आणि यंदा बड्या वकिलांचा रेशमी झगा मिळण्याच्या बेतात होता.

मार्चमध्ये त्याच्याकडे एका घरमालक कंपनीचा खटला आला. एका चांभाराला दुकानातून उठवायचं होतं. बाईंनी तीन दिवस कपाटं उपसली. निवाड्यांच्या एका बंद पडलेल्या वार्षिकात १९२७ चा अपील कोर्टाचा निवाडा सापडला, तो सरळसरळ चांभाराच्या बाजूचा. नंतर कुणी मोडीतही काढलेला नव्हता. बाईंनी त्याच दुपारी ज्युलियनला ईमेल केला. प्रत मुख्य कारकून लेन मॅबटला. 'हा विरुद्ध जातो. कोर्टापुढे ठेवावा लागेल.'

"डोरीन, तुम्ही म्हणजे कमाल आहात!" ज्युलियन जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी पुस्तकं घेऊन बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. ज्युलियननं सादर केलेल्या यादीत तो निवाडा नव्हताच. चांभाराच्या वकिलालाही तो ठाऊक नव्हता. पण न्यायमूर्तीबाईंनी स्वतःच शोधून आणला होता.

"मिस्टर थ्रेल, हा आपल्या वाचनात आला नाही?"

ज्युलियन उठला. "माय लेडी, शोधाचं काम आमच्या ग्रंथपालांकडे होतं. त्यांच्या नजरेतून हा सुटला. मी दिलगीर आहे."

त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. डोरीनबाईंचे कान तापले. भर कोर्टात ओरडावंसं वाटलं. पण तिथे ज्याला उभं राहायचा हक्क असतो तोच बोलतो.

परत आल्यावर त्या लेनच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. या माणसाबरोबर त्यांनी वीस वर्षं रोज चारचा चहा घेतला होता.

"लेन, ईमेल तुलाही गेला होता."

"दिवसाला दोनशे येतात गं बाई. कुठला म्हणतेस?"

"तुला चांगलं माहीत आहे कुठला."

लेननं दार लोटलं. "हे बघ डोरीन. त्याला या वर्षी झगा मिळतोय. मिळाला की सगळ्या चेंबर्सचं भलं. तुझं काय जातंय? दोन वर्षांत तू निवृत्त होशील. कोण लक्षात ठेवतंय?"

"तू ठेवशील की नाही, ते सांग."

लेननं चहा पुढे केला. बाईंनी कपाला हात लावला नाही.

खटला कंपनी हरली. निकाल जाहीर होण्याआधी त्याचा मसुदा वकिलांकडे गुपचूप येतो, छपाईच्या चुका काढायला. निकालाला हात लावायचा नसतो. ज्युलियननं तो नेहमीसारखा तळघरात धाडला. वर चिठ्ठी: 'डोरीन, दाखले तेवढे तपासाल ना?'

परिच्छेद एकतीसच्या शेवटी होतं: 'चेंबर्सच्या ग्रंथपालांनी शोधात केलेली कुचराई खेदजनक आहे.' त्याच परिच्छेदात १९२७ च्या निवाड्याचं पान चुकलं होतं.

बाईंना संताप इतका आला होता की अक्षरं पुसट दिसत होती. ज्याला वाचायला शिकवलं, त्यानं हे वाचूनच त्यांच्याकडे पाठवलं होतं. मग त्यांनी दोन दुरुस्त्या टाइप केल्या. पहिली: पान ६१४ नव्हे, ६४१. दुसरी: शेवटचं वाक्य खरं नाही, सोबत माझा ईमेल जोडला आहे. आणि कागद ज्युलियनच्या खणात ठेवले; कोर्टाकडे दुरुस्त्या त्याच्याच हातून जात.

शुक्रवारी निकाल जाहीर झाला. बाईंनी प्रत उघडली आणि उभ्याउभ्याच एकतिसावा परिच्छेद काढला. पान ६४१ झालं होतं. शेवटचं वाक्य जसंच्या तसं होतं.