गुड्डीचा डाव बाद

आधीच सांगते, मी गणिताची बाई आहे. अंगात येणं, भानामती, स्वप्नात कुणी येऊन सांगणं असले विषय निघाले की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. या सदरातले अनुभवसुद्धा मी निम्मे वाचून सोडून देते, खोटं कशाला बोलू... तरी आज स्वतः लिहायला बसलेय. कारण आमच्या घरात एका वाक्यावरून इतकी वर्षं वाद चाललाय आणि तो मला आता मिटवायचाय.

माझं माहेर जळगाव, सासर बनारस. घर रामघाटाच्या वरच्या गल्लीत. गच्चीच्या कठड्यावरून जरा वाकलं की गंगा दिसते, आणि न वाकता माकडं दिसतात. घरात आम्ही चौघं. सासरे, त्यांना सगळे अप्पा म्हणत, ते पाठशाळेत वेद शिकवत. हे बँकेत. धाकटी नणंद गुड्डी कॉलेजात. आणि मी, शाळेत गणित शिकवणारी.

सासरची मराठी ऐकून लग्नानंतर माझं डोकंच फिरलं होतं. भाजी जळत नसे, 'जलत' असे. मी शाळेतल्या शिक्षेबद्दल बोलले की गुड्डीला वाटे शिक्षणाचं, म्हणजे हिंदी 'शिक्षे'चं, चाललंय. अप्पांची भाषा चोख, पण ही दोघं भावंडं एक वाक्य धड मराठीत पुरं करतील तर शपथ. मी सारखी टोकायची. गुड्डी म्हणायची, "वहिनी, समजलं ना? मग झालं की."

आता आईचं सांगते. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तरी तिने माझं घर पाहिलं नव्हतं. कधी बाबांचं आजारपण, मग बाबा गेले, मग तिचंच हृदयाचं दुखणं निघालं. लोक म्हणायचे, काशीला जाताय, पुण्य पदरात पडेल. ती म्हणायची, "मला पुण्य नको. पोरीच्या घरात एकदा पाय ठेवायचाय." डॉक्टर कुरकुरत होते, पण ती कुणाचं ऐकणारी नव्हती. शेवटी जानेवारीत माझा भाऊ सुधीर तिला घेऊन निघाला. मी आठ दिवस घर घासत होते. दाराला नवा पडदासुद्धा शिवला.

गाडी दुपारी यायची होती. पण त्या दिवसांत धुकं असं की गाड्यांचं काही खरं नसे. हे सकाळी स्टेशनवर जाऊन विचारून आले – संध्याकाळशिवाय येत नाही म्हणे. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सारखी खाली-वर, खाली-वर. अप्पा जेवून पडले होते. तेव्हा गुड्डीनेच माझा हात धरून मला गच्चीवर उन्हात नेलं, ह्यांनाही वर बोलावलं आणि म्हणाली, चला, 'मी कोण' खेळू.

खेळ तुम्हाला माहीत असेल. चिठ्ठीवर कुणा प्रसिद्ध माणसाचं नाव लिहायचं – नट, खेळाडू, पुढारी, कुणीही – आणि ती एकाच्या कपाळाला चिकटवायची. त्याला सोडून सगळ्यांना नाव दिसतं. त्याने प्रश्न विचारायचे, बाकीच्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. आमच्याकडे चिठ्ठी चिकटवायला डिंक लागत नसे, अप्पांच्या सहाणेवर गंध कायम उगाळलेलं असे. मी त्यात माझा एक नियम घुसडला होता : प्रश्न मराठीतच विचारायचे. हिंदी शब्द आला की डाव बाद.

माझा डाव झाला, ह्यांचा झाला. मग गुड्डी बसली. तिच्या कपाळावर मी एका क्रिकेटपटूचं नाव लावलं, ज्याच्यासाठी ती टीव्हीपुढे जेवण विसरायची. हे गालातल्या गालात हसत होते.

"मी बाई आहे?" नाही. "मी जिवंत आहे?" हो. "मी सिनेमात आहे?" नाही. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं, कुठेही हिंदी नाही. मी म्हटलं, शाब्बास गं.

मग ती थांबली. डोळे मिटून बसली. आम्हाला वाटलं विचार करतेय. जरा वेळाने हळूच म्हणाली, "मी जिवंत आहे ना?"

"अगं, आत्ताच विचारलंस की," हे म्हणाले.

ती नुसती धापा टाकत होती... घाटाच्या पायऱ्या चढून आल्यावर माणूस टाकतं तशी. तिचा उजवा हात गुडघ्यावर गेला आणि गुडघा चोळू लागला. नंतर तोच हात खांद्यावर गेला, पदर ओढून घ्यावा तसा. गुड्डी सलवार-कमीजमध्ये होती. खांद्यावर ओढणीसुद्धा नव्हती.

गुडघा चोळायचा आणि मग पदर सारखा करायचा, ही माझ्या आईची बसल्याबरोबरची सवय. लग्न जळगावला झालं, तेव्हा गुड्डीची बोर्डाची परीक्षा होती. तिने माझ्या आईला कधी बघितलेलंच नव्हतं. फोटो बघितला असेल, पण फोटो काही गुडघा चोळत नाही.

आणि मग ती बोलली. दमलेला पण खूश आवाज. दोनच शब्द.

हे लगेच ओरडले, "मैं आई! हिंदी, हिंदी! गुड्डी, तुझा डाव बाद."

मी म्हटलं, "हिंदी कुठली? 'मी आई' म्हणाली ती."

आमची जुंपलीच. हे म्हणत, तिने साफ 'मैं' म्हटलं. मी म्हणत होते 'मी'. माझा आवाज चढला होता, ते मला कळत होतं. ह्यांना वाटलं मी खेळाचंच बोलतेय. तेवढ्यात गंध वाळून चिठ्ठी गुड्डीच्या मांडीवर पडली आणि तिने डोळे उघडले. म्हणाली, "काय झालं? मी तर विचारणार होती की मी खेळाडू आहे का." मधलं तिला काहीच आठवत नव्हतं. मस्करी करतेस का म्हणून मी तिला इतकं खडसावलं की बिचारी रडायला लागली.

अंधार पडता पडता मी आणि हे स्टेशनवर गेलो. गाडी आली. डबा रिकामा होत गेला तरी सुधीर खाली उतरेना. खिडकीतून पाहिलं तर आई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली. शाल गळ्यापर्यंत. पायाशी भरताच्या वांग्यांची पिशवी. मी आनंदाने हाक मारली... सुधीरने माझ्याकडे बघितलं आणि मला सगळं समजलं.

दुपारची जेवणं उरकून डबा सुस्तावला होता, गाडी प्रयागच्या अलीकडे नुसतीच उभी होती, तेव्हा ती गेली. एकदा विचारलं, "आलं का रे पोरीचं घर?" आणि मान टाकली. सुधीरने कुणाला कळू दिलं नाही. कळलं तर मधेच उतरवतील, मग ती पोचणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. शेजाऱ्यांना सांगितलं, आईला झोप लागलीय. कसा बसला असेल तो, देव जाणे.

सोवळ्यातले माझे सासरे, मला वाटलं परस्पर घाटावर न्या म्हणतील. ते म्हणाले, "आधी घरी आणा. त्यांना घर बघायचं होतं." नव्या पडद्याखालून आईला आत आणलं. मी फार रडले. रडण्यापेक्षा रागच जास्त होता. थोडक्यात चुकली होती हो ती, अगदी थोडक्यात.

गच्चीवरचं आम्ही सुधीरला मुळीच सांगितलं नव्हतं. आधीच तो अर्धा झाला होता. दिवस पार पडले आणि तो परत निघायच्या आदल्या सकाळी आम्ही सगळे चहा घेत बसलो होतो. तेव्हा त्याला पहिल्यांदा जरा हसू आलं. म्हणाला, ताई, तुला एक गंमत सांगायची राहिली. डब्यात मिर्झापूरची एक बाई होती. आईने तिला विचारलं, लेकीच्या घरी सगळे हिंदी बोलतात, तर दारात उभी राहून 'मी आले' असं हिंदीत कसं म्हणू? बाईने शिकवलं – मैं आई. आईला इतकं हसू आलं, म्हणाली, "अगं बाई, म्हणजे मी आईच की!" मग झोप लागेपर्यंत तेच घोकत होती. तुला चकित करायचं होतं तिला.

ह्यांच्या हातातली बशी खाली पडली. गुड्डी उठून आत गेली, ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. अप्पांना मी तेव्हा सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी उठून दाराचा नवा पडदा बाजूला बांधून ठेवला.

योगायोग म्हणावा, तर त्या दोन शब्दांपुरता म्हणेन. त्या गुडघ्याचं काय करू? तो पदर कुठून आला? गुड्डीला आता नातवंडं आहेत, अजून विचारलं तर म्हणते, वहिनी, आई शप्पथ, काही आठवत नाही.

आमचा वाद मात्र चालू राहिला. हे म्हणायचे हिंदी, मी म्हणायची मराठी. सुधीरने सांगितल्यावरसुद्धा मी हट्ट सोडला नाही. माझ्या आईचा शेवटचा शब्द आमच्या भाषेतला असावा, एवढंच मला वाटत असेल. पण 'मी आई' म्हणाली असेल, तर तिने फक्त ती कोण ते सांगितलं. आणि ह्यांनी ऐकलं ते खरं असेल, तर ती पोचली होती. दमत, पायऱ्या चढत, माझ्या गच्चीपर्यंत.

तेव्हा आज लेखी देते. ह्यांचंच बरोबर होतं. गुड्डी हिंदीत बोलली. डाव बाद.