आईचा दगड

आमच्या जुन्या गाडीचा हँडब्रेक शोभेपुरता होता. चढावर गाडी थांबली की बाबा ओरडायचे, “दगड!” मागच्या सीटवरची आई झटकन उतरून चाकामागे दगड लावायची आणि गाडी पुढे निघाली की तो उचलून, पळत येऊन, चालत्या गाडीत चढायची. आम्हा मुलांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला मात्र त्या कामाचा भलताच अभिमान होता.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आईने खंडव्याला मामाकडे जाणंच सोडलं. कधी ऊन फार, कधी पोट बिघडलेलं. मामाच्या नातवाचं बारसं ठरलं तरी तेच. शेवटी मी चिडले, तेव्हा खरं बाहेर आलं.

“घाटात गाडी मागे आली तर उतरेल कोण? माझ्याच्याने अब होत नाही.”

मला हसावं की रडावं कळेना. माझी गाडी नवीकोरी, आणि ही बाई दगडापायी भावाला मुकत होती. तिला तशीच गाडीत बसवून मी राजेंद्र नगरच्या ओव्हरब्रिजवर नेलं. ऐन चढावर ट्रॅफिक अडकलं. मागे एक स्कूटरवाला अगदी चिकटून उभा होता. आईचा हात दाराकडे गेला.

“थांब. ब्रेकवरून पाय काढला की दोन-तीन सेकंद गाडी स्वतःच ब्रेक धरून ठेवते. तेवढ्यात मी ॲक्सिलरेटर देते.”

पुढची गाडी हलली. “मग काढ ना पाय.”

“काढलाय.”

गाडी तसूभरही मागे सरकली नाही. मग अलगद पुढे निघाली.

“और एक बार कर,” आई म्हणाली. त्या संध्याकाळी आम्ही पुलाला तीन चकरा मारल्या. घरी येऊन तिने बाबांना सगळं सांगितलं, त्या दोन-तीन सेकंदांसकट.

बारशाच्या दिवशी घाटात पुढचा ट्रक अचानक थांबला. माझ्या शेजारी बसलेले बाबा सवयीने ओरडले, “दगड!”

“बसा आरामात,” आई मागून म्हणाली. “गाडी धरते आता.”

ट्रक हलला, आम्हीही निघालो.

“ही दोन-तीनच सेकंद धरते,” बाबा म्हणाले. “तू मी सांगेन तोवर धरायचीस.”

मला एकदम भरून आलं. आई मात्र लगेच म्हणाली, “और तुम्ही थांबायचे कुठे? पळत यावं लागायचं मला.”

आरशात पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत हसत होती.