सुकटीच्या खतावरची ढोबळी मिरची

अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी ढोबळी मिरची लावायची. चार बांबू, वरून आणि चारी बाजूंनी हिरवी जाळी, आत रंगाच्या रिकाम्या डब्यांत रोपं. उघड्यावर ही मिरची टिकत नाही. ऊन तिला भाजतं आणि बारीक किडे पानं आकसून टाकतात. जाळीत बरी येते. मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं करून करून कळतं.

तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण बरोबर असायची. दोघींचेही नवरे गेलेले, आणि घरात आमच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो. सकाळी जाळीत बसून फांद्या सुतळीने बांधायच्या आणि सुनांना नावं ठेवायची. दिवसभरातलं आमचं बोलणं तेवढंच.

नुसत्या शेणखतावर झाडं वाढायची, फळ मात्र लिंबाएवढं राहायचं. मग वर्सोव्याला मासे वाळवतात तिथून मी सुकटीचा चुरा आणायला लागले. शेणखत आणि सुका पाला घालून झाकणाच्या ड्रममध्ये तो कुजवायचा. पुरता कुजला की मातीसारखा होतो, वास राहत नाही. शेजारीण शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदाही न खाणारी. तिने विचारलं हे काय, मी खरं सांगितलं. मग ती पदर नाकाला बांधून काठीने ढवळायला लागली.

"झाड खातंय ना, मी कुठे खातेय," म्हणाली.

पुढे मिरच्या मुठीएवढ्या झाल्या. भरल्या मिरच्या तिच्या घरी सगळ्यांनी खाल्ल्या. सुनेने तर मागून नेल्या. बिल्डिंगमधले बाकीचेही पिशव्या घेऊन यायचे.

यंदा उन्हाळ्यात वॉचमन चुऱ्याची गोणी वर नेत होता, ती लिफ्टमध्ये फाटली. बिल्डिंगभर वास सुटला आणि मी मिरचीला काय घालते ते सगळ्यांना कळलं. संध्याकाळी खाली मीटिंग बसली. एक जण म्हणाला, तुमच्यात चालत असेल, आम्हाला कशाला खायला घातलं. मी म्हटलं, कोणाच्या तोंडात कोंबली नाही, पिशव्या घेऊन तुम्हीच यायचात. मग शेजारणीची सून उभी राहिली.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

सगळे शेजारणीकडे बघायला लागले. ती म्हणाली, "नाही. ही मला शेणखत म्हणून सांगायची."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्या घरात तिला देवाला हात लावू दिला नसता. माझ्या घरी मासे शिजतात, मला काय फरक पडणार होता. जाळी काढायची ठरली. मी झाडं हलवीपर्यंत थांबायलाही कोणी तयार नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी जाळी उतरवली. थोड्याच दिवसांत फळांवर पांढरे चट्टे पडले, मग ती मऊ पडून सडायला लागली. मी झाडं उपटत होते तेव्हा शेजारीण वर आली. शेजारी बसून सुतळ्या सोडवायला लागली.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर तू मला सांभाळून घेतलंस," असं काही तिने म्हटलं नाही. तिने म्हटलं, "माझा इलाज नव्हता गं. सुनेच्या हाताखाली दिवस काढायचेत मला."

"माहीत नाही म्हणालीस ते समजू शकते," मी म्हटलं. "पण मी फसवलं असं कशाला म्हणालीस?"

ती सुतळीची गाठ सोडवत राहिली. गाठ सुटेना. मी तिच्या हातातून सुतळी घेतली आणि कात्रीने कापली. म्हटलं, खाली जा, तुझी सून शोधत येईल.

ती गेली. गच्चीला आता कुलूप असतं, किल्ली कमिटीकडे. सकाळी मी खिडकीशी चहा घेऊन बसते. ती तिच्या घरात बसत असेल.