दीडशेची पाटी

वय वाढेल तशी ताकदही वाढत जाणारा अख्ख्या मुंबईत एकच माणूस आहे, आणि तो माझा मामा आहे. रिटायर झाला त्या दिवशी साहेबांनी आपली जुनी गोल्फची काठी त्याच्या हातात ठेवली आणि घाटकोपरच्या आमच्या सोसायटीची शांतता संपली. चेंडू अजून लांब कसा जाईल, याशिवाय मामाला दुसरा विषयच नाही. बँकेच्या रांगेत तो छत्री फिरवतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये फिरवली तेव्हा सेक्रेटरींचा चहा त्यांच्याच शर्टावर गेला. "अरे, जोर हातात नसतो, कमरेत असतो," हे तो भाजीवाल्यालाही सांगतो. कोणीतरी म्हणालं, जड वस्तूवर फटके मारले की जोर वाढतो. झालं! मामा गच्चीत गादी उभी करून काठीने झोडायला लागला. उडणारी धूळ बघून बायकांनी आपापल्या गाद्याही वर पाठवल्या. आता दिवाळीआधी मामाकडे नंबर लावावा लागतो.

दर रविवारी सकाळी तो मामीला घेऊन चेंबूरच्या बाजूला, गोल्फच्या सरावाच्या मैदानात जातो. समोर अंतराच्या पाट्या आहेत, शंभर यार्ड, दीडशे, दोनशे. काचबिंदूमुळे मामाला उडालेला चेंडू तर सोडाच, पाट्याही दिसत नाहीत. म्हणून मामी मागे उभी राहून ओरडते, "अहो, एकशे वीस!" पुढच्या वर्षी एकशे तीस झाले, मग चाळीस. गेल्या वर्षी त्याने दीडशेची पाटी ओलांडली आणि मामीने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. वाटलं, सुटलो आता. पण छे! मामा दुप्पट जोराने गाद्यांवर तुटून पडला.

परवाच्या रविवारी मामीचे गुडघे धरले, म्हणून तिच्या जागी मी गेलो. मामाने सगळा जीव एकवटून फटका मारला. चेंडू शंभरच्या पाटीच्या अलीकडेच थांबला.

"दीडशे! झकास रे मामा!" मी ओरडलो.

मामा हसला. "मामीने शिकवून पाठवलंय वाटतं. अरे, काठीच्या आवाजावरून कळतं मला. शंभरसुद्धा नाही झाले."

"मग तिला सांगत का नाहीस?"

"कशाला? ओरडताना किती खूश असते ती! पण पेढे वाटलेत रे तिने. माझ्यापायी खोटी पडलीय बिचारी. डोळे पुरते जायच्या आत एकदा तरी खराखुरा दीडशे घालवायचाय. तू मात्र खरं सांग हं."

मग मी खरं सांगत राहिलो. नव्वद. पंच्याण्णव. एकशे पाच झाले तेव्हा मामाने मला चक्क मिठी मारली. तेवढ्यात मामीचा फोन आला. "किती गेला रे?"

मामा मानेनेच मला खुणावत होता. "दीडशे, मामी," मी म्हणालो.

ती मग हळूच म्हणाली, "बरं केलंस हो."

मामाने तोवर पुढचा चेंडू चाचपून मांडला होता. एकच, देवा, याचा एकच जाऊ दे, असं मी, कधी देवळाची पायरी न चढणारा माणूस, अगदी मनापासून म्हणालो.