डावीकडे ओढणारी गाडी

गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकता ठोकता दोरीवाल्या काकांचे कान पन्नाशीतच गेले. इंजिनचा आवाजच ऐकू येत नाही म्हटल्यावर गॅरेजमालकाने त्यांना घरी बसवलं. आठवडाभर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. शेवटी काकू कानाशी ओरडल्या, "हात शाबूत आहेत ना? मग उठा!"

काका उठले आणि गाड्यांची चाकं सरळ करून द्यायच्या मागे लागले. चारही चाकांच्या बाजूने दोरी ताणायची, मिलिमीटरची पट्टी लावायची, बाकी सगळं तळहाताने चाचपायचं. जुन्या गाड्यांचे मालक त्यांचा पत्ता विचारत येऊ लागले.

एकदा एक मास्तर आणि त्यांच्या पत्नी आले, तावातावाने भांडतच. गाडी वीस वर्षांची. बाईंचं म्हणणं, ती डावीकडे ओढते. मास्तरांचं म्हणणं, "तीनदा मशीनवर अलाइनमेंट केली, आकडे चोख आहेत. हीच स्टेअरिंग वाकडं धरते!" काकांना यातलं अक्षर ऐकू आलं नाही. बाईंनी बोटाने डावीकडे खूण केली, तेवढं त्यांना पुरलं.

आधी त्यांनी हवा तपासली. मग टायरवरून हात फिरवला. एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला की खरखरीत. "चाक घासत चाललंय," ते म्हणाले. पुढच्या दोन्ही टायरांची त्यांनी अदलाबदल केली आणि बाईंना चक्कर मारून यायला सांगितलं. टायरचा दोष असता, तर ओढ उजवीकडे गेली असती. पण परत आल्यावर बाईंनी पुन्हा डावीकडेच बोट दाखवलं.

"म्हणजे टायर नाही." काकांनी गाडी जॅकवर चढवली, डाव्या चाकामागे पहार टेकवून ती बाईंच्या हातात दिली. "बाई, हळूच ढकला. साहेब, तुम्ही इथे हात ठेवा."

मास्तर कुरकुरत गाडीखाली वाकले. चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या रबरी सांध्यावर, म्हणजे बुशवर, त्यांनी तळवा ठेवला. बाईंनी पहार रेटली आणि ते दचकले. "अहो, हे तर हलतंय!"

"रबर फाटलंय," मास्तरांचा चेहरा पाहून काका म्हणाले. "उभ्या गाडीत चाक जागेवर बसतं, म्हणून मशीनला काही दिसत नाही. गाडी धावली की ते मागे सरकतं."

त्यांनी बुश बदललं, मग दोरी ताणून चाकं सरळ केली. बाई एका सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी घेऊन गेल्या. मास्तर शेजारी, काका मागे. बाईंनी पकड सैल केली, बोटं नुसती टेकवून ठेवली. गाडी नाकासमोर चालत राहिली.

मास्तर स्टेअरिंगवर टेकलेल्या त्या बोटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षं मी तुला उगाच बोललो."

"मग आता पुढच्या सुट्टीत समुद्रावर जायचं," बाई म्हणाल्या. "आणि पूर्ण रस्ता मी चालवणार!"

"कबूल."

मागच्या सीटवर काका खिडकी उघडून वारा खात बसले होते, अगदी मजेत.