उलट्या शब्दांची परीक्षा

मला इंग्रजी उत्तम येतं, हे पुण्यात फक्त मलाच ठाऊक आहे.

श्रीमंत पेशव्यांच्या राज्यातली गोष्ट. संगमावरच्या इंग्रज साहेबाला दुभाषी हवा होता आणि मी वर्षभर इंग्रजी शब्द घोकत होतो. जागा मिळाली तर साहेबाच्या पालखीशेजारून रुबाबात चालायचं. नाही मिळाली तर आमच्या जोशीकाकांची झोळी उचलून दारोदार पंचांग सांगायचं! (काकांना हा दुसरा बेत फार आवडे.)

परीक्षेला निघताना काकांनी हातावर दही ठेवलं.

"आज मुहूर्त नाजूक आहे. तोंडातून एक अभद्र शब्द निघाला, तर कार्याचा नाश! घे आईची शपथ!"

('नाश' त्यांना चालत असे. मुहूर्त काढणारे तेच!)

मी शपथ घेतली. वर काका सोबतही आले आणि साहेबाच्या पडवीत खिडकीला कान लावून बसले. माझं घोकणं ऐकून त्यांनाही सगळे शब्द अर्थासकट पाठ झाले होते.

साहेबानं एक कागद पुढे सरकवला. तो एक शब्द उच्चारणार, मी कागदावर त्यापुढे लिहिलेल्या तीन शब्दांतून उलट अर्थाचा निवडून मोठ्यानं म्हणायचा. अगदी सोपं!

"लाइफ," साहेब म्हणाला.

कागदावर 'डेथ' लख्ख दिसत होतं. मी तोंड उघडलं, तोच खिडकीबाहेर काका खाकरले. मी घाईनं शेजारचा शब्द म्हटला.

"काऊ!"

"लाइफचे उलट गाय?"

"गाय शुभ असते, साहेब."

साहेबानं डोळे चोळले. "गेन?"

'लॉस' म्हणायची सोय नव्हती. "मँगो!"

"रिच?"

"होम!"

"तुम्ही आजारी आहे काय?" साहेबानं काळजीनं विचारलं.

"शिव शिव! काय अभद्र बोलतो मेला!" बाहेरून काका कडाडले.

साहेबानं दचकून खिडकीकडे पाहिलं. मला रडू यायचंच बाकी होतं. सगळी उत्तरं येत होती हो, एकूण एक!

"आता शेवटचा शब्द," साहेब वैतागून म्हणाला. "सक्सेस!"

कागदावर ठळक 'फेल्युअर'. बाहेर काकांचं खाकरणं सुरू झालेलं. इकडे नोकरी, तिकडे आई! शेवटी चकार शब्द न काढता मी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं.

साहेबाचा चेहरा एकदम उजळला.

"बरोबर!" तो म्हणाला. "हे मात्र अगदी बरोबर!"